कल्याणच्या नावाचा एक जनुकीय बदल आहे, आणि तो बायकांच्या रक्ततपासणीत लपून राहू शकतो

कर्जत लोकल कल्याण सोडते आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही स्टेशनं एकामागोमाग येतात. या पट्ट्यातला माणूस कल्याणचं नाव दिवसातून चार वेळा तरी ऐकतो. इंडिकेटरवर, अनाउन्समेंटमध्ये, तिकिटावर.

पण हेच नाव आणखी एका ठिकाणी आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे. जगभरातले जनुकशास्त्रज्ञ वापरतात त्या यादीत 'जी-६-पीडी कल्याण' नावाची एक नोंद आहे.

१९८४ मध्ये 'ह्यूमन जेनेटिक्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापून आला. एका कोळी कुटुंबात जी-६-पीडी या एन्झाइमचा आधी कुठेच न नोंदलेला प्रकार सापडला होता. अशा नव्या प्रकारांना गावाचं, शहराचं किंवा प्रदेशाचं नाव द्यायची पद्धत होती. म्हणून याचं नाव पडलं 'कल्याण'. पुढे १९९२ मध्ये असं लक्षात आलं, की 'कल्याण' आणि केरळमध्ये सापडलेला 'केरळ' हे दोन प्रकार वेगळे नाहीतच. दोघांच्या मुळाशी अगदी तोच एक बदल आहे. तेव्हापासून त्याला 'केरळ-कल्याण' असं जोडनाव आहे.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, नाव आलं. त्याचं आपल्याला काय?

तर याच एन्झाइमच्या मदतीने शास्त्रज्ञांनी एक मोठं कोडं सोडवलं होतं. बाईच्या शरीरातली प्रत्येक पेशी आपल्या दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक बंद करून ठेवते, हे माणसांमध्ये त्यावरूनच दिसलं. आणि याच कारणामुळे मलेरियाच्या औषधाआधी होणारी एक साधी रक्ततपासणी पुरुषाबद्दल बरोबर सांगते, पण बाईबद्दल चुकू शकते.

गोष्ट सुरुवातीपासून पाहू.

जी-६-पीडी म्हणजे काय?

आपल्या लाल रक्तपेशी दिवसभर ऑक्सिजन वाहतात. या कामात त्यांचं रासायनिक नुकसान होत असतं. ते भरून काढायला जी काही यंत्रणा असते, तिच्यात जी-६-पीडी हे एन्झाइम महत्त्वाचं आहे. सोप्या भाषेत, लाल पेशीला गंज चढू न देणारं हे एन्झाइम.

हे एन्झाइम म्हणजे ५१५ अमिनो आम्लांची एक साखळी. केरळ-कल्याण प्रकारात त्यातली ३१७ व्या जागेवरची एकच कडी बदललेली असते. एवढ्याने एन्झाइमचं काम कमी होतं.

एरवी अशा माणसाला काहीच त्रास नसतो. तो लोकलला लटकतो, क्रिकेट खेळतो, म्हातारा होतो. पण काही विशिष्ट गोष्टी शरीरात गेल्या, की लाल पेशी भराभर फुटायला लागतात. लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात, अशक्तपणा येतो. या यादीत मलेरियासाठी दिलं जाणारं प्रायमाक्विन आहे, कुष्ठरोगावरचं डॅप्सोन आहे, आणि कपड्यांच्या कपाटात ठेवतात त्या नॅफ्थलिनच्या डांबरगोळ्याही आहेत. नवजात बाळांमध्ये ही कमतरता असेल, तर कावीळ जास्त वाढण्याची भीती असते.

जगात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता असल्याचं मानलं जातं. भारतात तिचे तीन प्रकार सर्वाधिक आढळतात: मेडिटेरेनियन, केरळ-कल्याण आणि ओरिसा. मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कमतरता असलेल्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा केरळ-कल्याण प्रकाराचा होता.

मग बायकांचा वेगळा मुद्दा कुठून आला?

कारण जी-६-पीडीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं.

पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. म्हणजे या जनुकाची एकच प्रत. ती बिघडलेली असेल तर कमतरता आहे, चांगली असेल तर नाही. हिशेब सरळ.

बाईकडे दोन एक्स. एक आईकडून, एक वडिलांकडून. आता इथे खरा पेच येतो. एक्स गुणसूत्रावर प्रोटीन बनवणारी आठशेहून जास्त जनुकं आहेत. बाईच्या पेशीत दोन्ही एक्स चालू राहिले, तर त्या जनुकांचा माल पुरुषाच्या दुप्पट तयार होईल. आणि पेशीच्या कारभारात असा दुप्पट डोस चालत नाही.

यावर निसर्गाने काढलेला तोडगा १९६१ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ मेरी लायन यांनी मांडला. उंदरांच्या केसांचे रंग पाहून त्यांनी सांगितलं, की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद केला जातो. कोणता बंद करायचा हे प्रत्येक पेशी नाणं उडवल्यासारखं ठरवते. गर्भ अगदी थोड्या पेशींचा असताना हा निर्णय होतो. आणि एकदा झाला, की त्या पेशीपासून पुढे जन्मणाऱ्या सगळ्या पेशी तोच पाळतात.

याचा पुरावा तुमच्या गल्लीतही फिरत असेल. पांढरा, काळा आणि केशरी अशा तीन रंगांची मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते. केशरी रंगाचं जनुक एक्सवर आहे. ज्या पेशींनी केशरीवाला एक्स चालू ठेवला तिथे केशरी ठिपका, ज्यांनी दुसरा चालू ठेवला तिथे काळा. पांढरा रंग मात्र दुसऱ्याच जनुकाची करामत.

माणसांमध्ये हे कसं कळलं?

माणसाच्या अंगावर तर असे ठिपके नसतात. मग पाहायचं कसं?

इथे जी-६-पीडी कामाला आलं. १९६२ मध्ये अमेरिकेत अर्नेस्ट ब्यूटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बायकांचं रक्त तपासलं, ज्यांच्याकडे एक चांगली आणि एक बिघडलेली प्रत होती. दोन्ही एक्स चालू असते, तर प्रत्येक लाल पेशीत अर्धं-अर्धं एन्झाइम सापडायला हवं होतं. पण सापडलं वेगळंच. काही लाल पेशींमध्ये एन्झाइम व्यवस्थित होतं आणि काहींमध्ये जवळजवळ नव्हतं. एकाच बाईच्या रक्तात दोन वेगळ्या तऱ्हेच्या पेशी.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी एकेक त्वचापेशी वेगळी करून वाढवली. ज्या बायकांच्या दोन एक्सवर जी-६-पीडीचे दोन वेगळे प्रकार होते, त्यांच्या प्रत्येक पेशीच्या वंशावळीत त्यातला एकच प्रकार दिसला. लायन यांचं म्हणणं माणसांनाही लागू होतं.

उल्हासनगरच्या जीन्सवरून समजून घ्या

उल्हासनगर आणि जीन्स हे नातं सगळ्यांना माहीत आहे. डेनिमचा एक तुकडा हातात घ्या. लांबून तो फिकट निळा दिसतो. जवळून नीट पाहिला तर कळतं, की उभे धागे निळे आहेत आणि आडवे पांढरे. फिकट निळ्या रंगाचा धागा त्यात एकही नाही.

वाहक बाईचं रक्त तसंच असतं. तपासणीत एन्झाइम '५० टक्के' आलं, तर प्रत्येक पेशीत निम्मं आहे असा त्याचा अर्थ नाही. साधारण अर्ध्या पेशी धडधाकट आहेत आणि अर्ध्या कमजोर. ५० हा आकडा फक्त लांबून दिसणारा रंग आहे.

उल्हासनगरमध्ये आणखी एक रक्तदोष लोकांना ऐकून माहीत असतो, तो म्हणजे थॅलेसेमिया. सिंधी समाजात त्याचे वाहक बरेच असल्याने लग्नाआधीच्या तपासणीबद्दल जागरूकता आहे. पण थॅलेसेमिया मायनर आणि हे प्रकरण एकसारखं नाही. बीटा थॅलेसेमियाचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर असतं. तिथे कोणतीही प्रत अशी बंद केली जात नाही. त्यामुळे थॅलेसेमिया मायनर असलेल्या स्त्रीच्या आणि पुरुषाच्या लाल पेशींत असा फरक नसतो. एक्सवरच्या जनुकांचं मात्र असं नाही. तिथे वाहक बाई म्हणजे दोन धाग्यांचं कापड.

एक्स बंद कोण करतं?

हा प्रश्न तीस वर्षं लोंबकळत होता. उत्तराचा धागा १९९१ मध्ये हाती लागला. एक्स गुणसूत्रावरच एक जनुक सापडलं, जे फक्त बंद असलेल्या एक्सवरून चालू असतं. म्हणजे आख्खी सोसायटी अंधारात आणि एकाच खोलीत दिवा. त्या जनुकाचं नाव 'एक्सिस्ट'.

सर्वसाधारणपणे जनुकाची नक्कल म्हणजे आरएनए बनतो, आणि त्या आरएनएवरून प्रोटीन तयार होतं. आपल्या शाळेच्या पुस्तकातही हेच आहे. एक्सिस्टचा आरएनए सुमारे १७ हजार अक्षरांचा, म्हणजे चांगलाच लांब. पण त्याच्यापासून प्रोटीन बनतच नाही. तो आरएनए म्हणूनच काम करतो.

अशा आरएनएंना 'लाँग नॉनकोडिंग आरएनए' म्हणतात. लांब, पण प्रोटीनचा संदेश नसलेले. माणसाच्या डीएनएचा दोन टक्क्यांपेक्षाही कमी भाग प्रोटीनसाठी वापरला जातो. बाकीच्याला बराच काळ 'कचरा' म्हटलं जायचं. एक्सिस्टने दाखवून दिलं, की त्या कथित कचऱ्यातला एक आरएनए आख्खं गुणसूत्र शांत करू शकतो.

त्याचं काम साधारण असं चालतं. एक्सिस्ट ज्या एक्सवर तयार होतो, त्याच एक्सभोवती पसरतो. दुसऱ्या एक्सला हात लावत नाही. मग तो काही प्रोटीनांना बोलावून घेतो. त्यातलं स्पेन नावाचं प्रोटीन जनुकं वाचायची यंत्रणा थांबवायला मदत करतं. दुसरी प्रोटीनं डीएनए ज्या गुंडाळ्यांवर लपेटलेला असतो, त्यांच्यावर 'बंद' अशा रासायनिक खुणा करतात. शेवटी डीएनएवरही मिथाइलच्या खुणा बसतात. हळूहळू तो एक्स आक्रसतो आणि केंद्रकाच्या कडेला एक लहान गोळी होऊन बसतो. ही गोळी मरे बार आणि इवार्ट बर्ट्राम यांनी १९४९ मध्ये मांजराच्या मज्जापेशींमध्ये पाहिली होती. तिला आजही 'बार बॉडी' म्हणतात.

या सगळ्यात डीएनएचं एकही अक्षर बदललेलं नाही, हे लक्षात घ्या. पुस्तक तेच आहे, फक्त त्याला कुलूप लागलं आहे. अक्षरं न बदलता वाचन बदलण्याच्या या शास्त्राला एपिजेनेटिक्स म्हणतात.

आणखी एक गोष्ट. कुलूप लागलं तरी बंद एक्सवरची काही जनुकं चालूच राहतात. जी-६-पीडी त्यात नाही. ते बंद एक्सवर बंदच असतं, म्हणून तर त्याच्यावरून हा सगळा प्रकार दिसला.

तपासणी कुठे चुकते?

आता पुन्हा आपल्या पट्ट्यात येऊ.

पावसाळ्यात ताप आला, रक्त तपासलं आणि व्हायव्हॅक्स मलेरिया निघाला. हा परजीवी यकृतात लपून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो. त्याला तिथून घालवायला प्रायमाक्विन देतात, आणि भारतात हा कोर्स १४ दिवसांचा असतो. पण जी-६-पीडीची कमतरता असेल तर याच औषधाने लाल पेशी फुटू शकतात. म्हणून आधी तपासणी हवी.

ही तपासणी दोन तऱ्हेची असते. एक 'आहे की नाही' एवढंच सांगणारी. यात रक्ताच्या थेंबावर रसायन टाकून तो अतिनील प्रकाशाखाली पाहतात. चमकला तर एन्झाइम आहे, नाही चमकला तर कमतरता. दुसरी एन्झाइम मोजून आकडा देणारी.

पहिली तपासणी साधारण ३० टक्क्यांच्या खालची कमतरता चांगली पकडते. पुरुषांसाठी ती बहुतेक वेळा पुरेशी ठरते, कारण त्यांच्या बाबतीत मधली अवस्था फारशी नसते. पण ज्या बाईचं एन्झाइम ४० किंवा ५० टक्के आहे, तिच्या थेंबात धडधाकट पेशी पुरेशा असतात. थेंब चमकतो आणि रिपोर्टवर लिहून येतं, 'नॉर्मल'.

तो रिपोर्ट पूर्ण खोटा नाही. पण तिच्या निम्म्या लाल पेशी औषधापुढे तितक्याच कमजोर आहेत, जितक्या कमतरता असलेल्या पुरुषाच्या.

शिवाय प्रत्येक बाईचं प्रमाण वेगळं असतं. एक्स बंद करायचा निर्णय झाला तेव्हा पेशी थोड्याच होत्या. थोडी नाणी उडवली, की छापा-काटा बरोबर अर्धा-अर्धा पडेलच असं नाही. म्हणून दोन सख्ख्या बहिणी, दोघीही वाहक, पण एकीचं एन्झाइम ८० टक्के आणि दुसरीचं २५ टक्के असू शकतं. दुसरीला पुरुषाइतकाच त्रास होऊ शकतो.

हा फक्त पुस्तकी मुद्दा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टॅफेनोक्विन हे औषध व्हायव्हॅक्ससाठी १४ दिवसांऐवजी एकाच डोसमध्ये काम करतं. पण ते शरीरात बराच काळ टिकतं, त्रास सुरू झाला तर लगेच थांबवता येत नाही. म्हणून ७० टक्क्यांपेक्षा कमी एन्झाइम असलेल्यांना ते देत नाहीत. ३० ते ७० टक्के या मधल्या पट्ट्यात बहुतेक वाहक बायकाच असतात. तिथे 'आहे की नाही' तपासणी चालत नाही, आकडाच लागतो.

घरात याचा अर्थ काय होतो?

समजा, बदलापूरच्या एका घरात मुलगा झाला आणि त्याची कावीळ अपेक्षेपेक्षा वाढली. तपासणीत जी-६-पीडीची कमतरता निघाली. मुलाला एक्स आईकडूनच येतो, वडिलांकडून येतो तो वाय. म्हणून आईची तपासणी केली, तर ती 'नॉर्मल' आली. इथे घरात दोन प्रकारचे गैरसमज होतात. एक, 'हे आईमुळे झालं' असं बोट दाखवणं. दोन, 'आईचं तर नॉर्मल आहे, म्हणजे मुलाचाच रिपोर्ट चुकला' असं समजून विषय सोडून देणं.

दोन्ही चूक. आई वाहक असूनही साध्या तपासणीत नॉर्मल दिसू शकते, ते आपण वर पाहिलं. आणि कोणता एक्स मुलाकडे गेला हे कुणाच्या हातात नसतं. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलीलाही निम्मी. वडिलांना कमतरता असेल तर त्यांच्या सगळ्या मुली वाहक होतात आणि मुलग्यांकडे त्यांच्याकडून ती जात नाही.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत:

• कुटुंबातल्या कुणाला ही कमतरता असेल, तर आई, बहीण, मावशी, मुलगी यांनी डॉक्टरांना ते आठवणीने सांगावं. मलेरियाचं किंवा डॅप्सोनसारखं औषध सुरू होण्याआधी तर नक्कीच.

• बाईची तपासणी असेल तर 'आकडा देणारी तपासणी करता येईल का?' असं विचारावं. वाहक आहे की नाही हे पक्कं कळायला डीएनए तपासणीही असते.

• पेशी नुकत्याच फुटून गेल्या असतील, तर लगेच केलेली तपासणी फसवू शकते. जुन्या कमजोर पेशी गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम जास्त असतं. अशा वेळी काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी लागते.

• बाळाच्या कपड्यांमध्ये आणि दुपट्यांमध्ये डांबरगोळ्या ठेवू नयेत. घरात कमतरता आहे की नाही हे माहीत नसलं तरीही.

• मलेरियाचं औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. औषध घेताना लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

एक्सिस्टवर आज काय चाललंय?

एक आरएनए आख्खं गुणसूत्र बंद करू शकतो, तर त्याचा उपयोग करून घेता येईल का? २०१३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी डाउन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीच्या पेशींमध्ये एक्सिस्टचं जनुक २१ व्या गुणसूत्राच्या एका प्रतीत बसवलं. डाउन सिंड्रोममध्ये या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. प्रयोगशाळेतल्या त्या पेशींमध्ये जादा प्रत शांत झाली. हा उपचार नाही, पण दिशा दाखवणारं काम आहे.

दुसरी बाजूही आहे. ल्युपससारखे आजार, ज्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, पुरुषांपेक्षा बायकांमध्ये खूप जास्त दिसतात. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 'सेल' या नियतकालिकात दाखवलं, की एक्सिस्ट आणि त्याला चिकटलेली प्रोटीनं मिळून यात हातभार लावत असावीत. नर उंदरांमध्ये एक्सिस्ट चालू केला, तेव्हा ल्युपससारख्या आजाराचं प्रमाण त्यांच्यातही वाढलं.

थोडक्यात, बाईच्या प्रत्येक पेशीत एक एक्स बंद ठेवणारा हा आरएनए अनेक आजारांच्या मुळाशी पोचवणारा धागा ठरतोय. पण त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट वापरायला कुठल्याही नव्या औषधाची वाट पाहायची गरज नाही. कल्याणच्या नावाचा तो बदल असो किंवा दुसरा कुठला, बाईच्या जी-६-पीडी रिपोर्टवर नुसतं 'नॉर्मल' लिहिलेलं असेल, तर एन्झाइमचा आकडा किती आला, एवढं डॉक्टरांना नक्की विचारा.